तीन यू आणि एक अधोरेखा

ऑफिसात 'रेड' हा शब्द मी पहिल्यांदा फोनवर मोठ्याने उच्चारला, तेव्हा हिशेबाच्या टेबलावरचे काका खुर्चीतून अर्धे उठले. मी समोरच्याला सांगत होतो, "रेड पाच आहे, एक गेली तरी चालतं." काकांच्या कानावर पडलं ते एवढंच, की रेड आहे आणि पाच जण आलेत. त्यांनी ड्रॉवर उघडून विचारलं, "कुठल्या वर्षाच्या फायली काढू?"

धाड नव्हती. चार डिस्क होत्या, प्रत्येकी ४ टीबीच्या, एका लिनक्स सर्व्हरमध्ये बसवलेल्या. रेड म्हणजे अनेक डिस्क जोडून एकच मोठी डिस्क असल्यासारखी वापरायची पद्धत, आणि पाच हा तिचा एक प्रकार. मी मूळचा ड्रॉइंगवाला. पण चौदा माणसांच्या ऑफिसात ज्याला डब्याचे स्क्रू उघडता येतात तोच सर्व्हरवाला ठरतो, तसा मी ठरलो. चारही डिस्क एकाच दिवशी, एकाच खोक्यातून आल्या. अनुक्रमांक पाठोपाठचे. तेव्हा मला ते नीटनेटकं वाटलं होतं.

पॅरिटीची, म्हणजे हरवलेला मजकूर परत मोजून काढता यावा म्हणून ठेवलेल्या जादा बिटची, कल्पना इतकी सुंदर आहे की माणूस तिच्या प्रेमात पडतो. समजा तीन डिस्कवर १०११, ०११० आणि ११०० असे बिट आहेत. एकाखाली एक मांडा आणि प्रत्येक उभ्या रांगेतले एक मोजा. विषम आले तर खाली १ लिहा, सम आले तर ०. उत्तर येतं ०००१. हे चौथ्या डिस्कवर ठेवायचं. आता मधली डिस्क काढून फेकून द्या. उरलेल्या १०११, ११०० आणि ०००१ यांच्यावर तीच मोजणी करा, ०११० परत हातात येतं. रेड ५ मध्ये ही पॅरिटी एकाच डिस्कवर न ठेवता सगळ्यांवर आळीपाळीने पसरलेली असते, एवढाच फरक. चार डिस्कमधल्या तीनांची जागा वापरायला मिळते आणि कुठलीही एक मेली तरी काही बिघडत नाही. मी हे कागदावर करून मालकांना दाखवलं होतं. त्यांनाही आवडलं. १६ टीबी विकत घेऊन १२ वापरायला मिळतात, आरशासारखी जोडी लावली, म्हणजे सगळं दोन डिस्कवर सारखंच लिहिलं, तर आठच, हे गणित कुणालाही आवडेल.

पहिली कुरकुर वेगाची आली. दुपारी चारनंतर सगळे आपापल्या नोंदी करायला बसले की हिशेबाचं सॉफ्टवेअर गोठायचं. बटण दाबावं आणि पाणी पिऊन यावं. मी नेटवर्कवर संशय घेतला, स्विच बदलला, केबली बदलल्या. ड्रॉइंगच्या मोठ्या फायली मात्र सरसर उघडत होत्या, त्यामुळे डिस्ककडे बोट दाखवायला मन तयार नव्हतं. सर्व्हर बसवला त्या दिवशी मी एक मोठी व्हिडिओ फाइल कॉपी करून वेग बघितला होता आणि सेकंदाला ३०० एमबीच्या वरचा आकडा बघून खूश झालो होतो. ती चाचणी चुकीची नव्हती. चुकीच्या कामाची होती.

शेवटी एकदा चार वाजता सर्व्हरसमोरच बसलो. चारही डिस्क १०० टक्के व्यस्त, आणि लिहिलं जात होतं सेकंदाला जेमतेम ६०० केबी. फोनवर काढलेला फोटो पाठवण्याइतकंही नाही.

त्याचं कारण पॅरिटीच्याच पोटात आहे. मोठी फाइल सलग लिहिताना तिन्ही डिस्कचे तुकडे एकदम हातात असतात, पॅरिटी मोजायची आणि चौघींवर लिहून मोकळं व्हायचं. पण हिशेबाचं सॉफ्टवेअर आठ केबीची एक नोंद इथे, एक तिथे असं लिहितं. तेवढ्यासाठी जुना मजकूर वाचा, जुनी पॅरिटी वाचा, नवी मोजा, मजकूर लिहा, पॅरिटी लिहा. एका लिहिण्यामागे डिस्कच्या चार फेऱ्या. आणि ७२०० आरपीएमची डिस्क सेकंदाला १२० वेळा फिरते, म्हणजे एका गिरकीला ८.३ मिलिसेकंद. सरासरी अर्धी गिरकी वाट बघणं, वर वाचणारं-लिहिणारं डोकं योग्य जागी सरकवायला आठ-नऊ मिलिसेकंद. हे सगळं धरून एक डिस्क सेकंदाला ७५ ते ८० उड्या मारते. चौघी मिळून तीनशे. त्याला चारने भागा. उरतात पंच्याहत्तर. आठ केबीने गुणा, ६०० केबी! पडद्यावर दिसत होता तोच आकडा. चार बैल जुंपले होते आणि नांगर एकाच्या चालीने चालला होता.

तात्पुरता उपाय म्हणून लिनक्सचा स्ट्राइप कॅशे, म्हणजे पॅरिटीच्या कामासाठी मेमरीत राखलेली जागा, वाढवला. मूळचा २५६ असतो, तो काही हजारांवर नेला. थोडा फरक पडला. एका मित्राने सुचवलं की डेटाबेसला 'डिस्कवर खरंच पोचलं का' हे विचारायचंच बंद कर, वेग पळेल. ते मी केलं नाही, कारण आमचा यूपीएस तेव्हाच म्हातारा झाला होता. पॅरिटीच्या व्यवस्थेत लिहिता लिहिता वीज गेली तर मजकूर नवा आणि पॅरिटी जुनी, असं होऊ शकतं. चारही डिस्क शाबूत असतील तर यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर पॅरिटी नव्याने मोजून घेतं, कुणाला कळतही नाही. पण त्याच वेळी एखादी डिस्क गेलेली असेल, तर जुन्या पॅरिटीवरून मोजलेला तुकडा निव्वळ कचरा निघतो. त्या तुकड्याला त्या दिवशी कुणी हातही लावलेला नसला तरी. याला 'राइट होल' म्हणतात. बॅटरी असलेली कंट्रोलर कार्डं याचसाठी असतात आणि झेडएफएससारख्या फायली साठवायच्या व्यवस्था जुन्यावर न लिहिता हे टाळतात. आमच्याकडे यातलं काहीच नव्हतं.

आता ज्या गोष्टीची मला अजून लाज वाटते ती. त्या लिनक्समध्ये दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, मध्यरात्रीनंतर, सगळ्या डिस्क पहिल्या सेक्टरपासून (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा सगळ्यात लहान कप्पा) शेवटच्यापर्यंत वाचून पॅरिटीशी ताडून बघायची सोय आपोआप चालू असते. ४ टीबीची डिस्क अशी वाचायला दहाएक तास जातात. वर्षअखेरीच्या एका रविवारी काका कामाला आले, सॉफ्टवेअर नेहमीपेक्षाही मंद होतं, त्यांनी फोन केला. मी घरून बघितलं, तपासणी चालू दिसली, थांबवली. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच नको म्हणून वेळापत्रकातली ती ओळच बंद करून टाकली. एवढे हिशेब होऊन जाऊ देत, मग चालू करू. या गोष्टीला दोन वर्षं झाली.

आणि एके दिवशी मोठ्या फायलीही रखडायला लागल्या. सर्व्हरवर जाऊन ॲरेची, म्हणजे या जोडलेल्या डिस्कच्या संचाची, अवस्था बघितली. तिथे चालू असलेल्या प्रत्येक डिस्कसाठी एक, असे चार यू दिसायला हवेत. तीन यू होते आणि तिसऱ्याच्या जागी एक अधोरेखा. लॉग मागे नेत गेलो तर डिस्क अकरा दिवसांपूर्वीच गेली होती. यंत्राने इमानदारीत मेल पाठवला होता, सर्व्हरच्याच आतल्या रूट नावाच्या पेटीत. ती पेटी मी जन्मात कधी उघडली नव्हती. अकरा दिवस चौदा माणसं एका दोरीवर चालत होती आणि खाली जाळी नव्हती. मंदपणाही उगाच नव्हता. मेलेल्या डिस्कवरचा एक तुकडा हवा असेल तर उरलेल्या तिघींना वाचून तो दरवेळी मोजावा लागतो.

तेव्हाही मी घाबरलो नव्हतो. एक गेली तरी चालतं, हेच तर आपण विकत घेतलं होतं. दुपारी नवी डिस्क लावली, रीबिल्ड, म्हणजे बाकीच्यांवरून मोजून ती पुन्हा भरणं, सुरू केलं. पडद्यावर 'उरलेला वेळ' कधी तीन दिवस दाखवायचा, कधी वीस. लिनक्स ऑफिसच्या कामाला वाट देतं आणि रीबिल्डला मागे सारतं. अगदी वाईट वेळी किमान हमी सेकंदाला फक्त १००० केबीची. त्या चालीने ४ टीबी भरायला ४६ दिवस लागतील. संध्याकाळी माणसं गेली तसा वेग आपोआप १३० एमबीवर चढला. मी डबा घेऊन समोरच बसलो.

रात्री अकरा चाळीसला, ६१ टक्क्यांवर, आकडा थांबला. मग दुसऱ्या एका डिस्कचं नाव लॉगमध्ये यायला लागलं. तीस सेकंदांची शांतता, कनेक्शन रीसेट, पुन्हा शांतता. आणि ॲरे बंद. पडद्यावर दोन यू, दोन अधोरेखा.

झालं होतं असं. त्या दुसऱ्या डिस्कवर काही सेक्टर वाचता येईनासे झाले होते, कधी ते देव जाणे. डिस्कला स्वतःचा खराब सेक्टर वाचायला गेल्याशिवाय कळत नाही, आणि ती जागा होती जुन्या स्कॅनच्या फोल्डरात, जे दोन वर्षांत कुणी उघडलं नव्हतं. रीबिल्ड मात्र काहीच सोडत नाही. उरलेल्या तिघींचा शेवटचा बिटदेखील त्याला लागतो. त्यात आमच्या डिस्क साध्या डेस्कटॉपच्या. अशी डिस्क खराब सेक्टर दिसला की मिनिटभर, कधी त्याहून जास्त, झटत राहते, कारण घरच्या संगणकात तिच्याशिवाय दुसरं कुणी नसतं. लिनक्स तीस सेकंद वाट बघतं आणि डिस्क मेली असं धरून चालतं. रेडसाठी बनवलेल्या डिस्क साधारण सात सेकंदांत हात वर करतात, 'हा तुकडा नाही जमत, तुम्ही मोजून घ्या' म्हणून. हा फरक खोक्यावर लिहिलेला नसतो.

आणि सगळ्यात टोचलं ते हे. चारही डिस्क जिवंत असताना ती रविवारची तपासणी चालू असती, तर तो सेक्टर वाचताना चूक आली असती, यंत्राने पॅरिटीवरून मजकूर मोजला असता, त्याच जागी परत लिहिला असता, डिस्कने खराब जागेऐवजी राखीव जागा जोडून घेतली असती. काम काही क्षणांचं. लॉगमध्ये एक ओळ आली असती, तीही कुणी वाचली नसती.

त्या रात्री मी एकच शहाणपण केलं, काही केलं नाही. सर्च केल्यावर पहिल्यांदा जे उपाय दिसतात त्यातला एक म्हणजे ॲरे 'नव्याने बनवा'. डिस्कचा क्रम किंवा तुकड्याचा आकार थोडा जरी चुकला आणि त्यावर काही लिहिलं गेलं, की मग काढायला काही उरत नाही. मशीन बंद केलं, डिस्कवर पेनाने १, २, ३, ४ लिहिलं आणि घरी गेलो. झोप अर्थातच लागली नाही.

दुसऱ्या दिवशी मालकांना सांगितलं. "पण एक गेली तरी चालतं म्हणालात ना?" एवढंच ते म्हणाले. बॅकअप होता, रोज रात्री बाहेरच्या डिस्कवर जायचा. हिशेब आणि चालू ड्रॉइंग त्यात होती. जुने स्कॅन नव्हते, कारण ती डिस्क भरल्यावर मीच ते फोल्डर वगळलं होतं. बघा, दोन्ही ठिकाणी माझीच सही.

पहिली मेलेली डिस्क नुसती टकटक करत होती, तिचा नाद सोडला. दुसरीची प्रत काढायला घेतली जीएनयू डीडीरेस्क्यूने. हा कार्यक्रम फार समजूतदार आहे. आधी जे सहज वाचता येतं ते सगळं उचलतो, खराब जागांची नोंद एका नकाशात ठेवतो आणि त्यांच्याकडे शेवटी वळतो. मरायला टेकलेल्या डिस्ककडून काम काढून घ्यायची हीच रीत. दीड दिवस लागला. शेवटी ४ टीबीपैकी नऊ सेक्टर आले नाहीत, प्रत्येकी ४०९६ बाइटचे. एकूण ३६ केबी. एवढ्याशा गोष्टीपायी १२ टीबीचं दार बंद झालं होतं.

ही प्रत आणि दोन धड डिस्क मिळून ॲरे जबरदस्तीने जोडला, फक्त वाचण्यापुरता उघडला आणि आधी सगळं दुसरीकडे उतरवून घेतलं. मग नकाशा समोर घेऊन कागदावर हिशेब मांडला, की हे नऊ सेक्टर कुठल्या फायलींत पडतात. इथे एक गोष्ट उशिरा लक्षात आली. एक डिस्क आधीच गेलेली असताना दुसरीवरचा एक खराब सेक्टर दोन तुकडे खोटे करू शकतो, एक स्वतःचा आणि एक गेलेल्या डिस्कवरचा, जो याच्यावरून मोजायचा होता. त्या दुसऱ्या तुकड्यासाठी यंत्र चूकही दाखवत नाही, बेधडक मोजून देतं. म्हणून कागद दुसऱ्यांदा मांडावा लागला. शेवटी चार स्कॅन फायली बिघडलेल्या निघाल्या, बाकीचे तुकडे रिकाम्या जागेत होते. कागद कपाटात होते, पुन्हा स्कॅन केले. काकांनी स्वतः बसून केले.

पुढच्या आठवड्यात बरंच वाचलं. रेडवरचा मूळ निबंध १९८८ चा, बर्कलेच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांचा. त्यात उदाहरणाला घेतलेली स्वस्त डिस्क १०० एमबीची आहे. तेवढी डिस्क पुन्हा भरणं मिनिटांचं काम. आमची तिच्या चाळीस हजार पट मोठी. डिस्कची पोटं जितक्या पटीने वाढली तितक्या पटीने वाचण्याचा वेग वाढला नाही, म्हणून तो धोक्याचा काळ मिनिटांवरून दिवसांवर आला. २००७ साली श्रोडर आणि गिब्सन यांनी प्रत्यक्ष बदललेल्या डिस्कच्या नोंदी तपासल्या. डेटाशीटवरच्या दहा-पंधरा लाख तासांच्या आयुष्यावरून वर्षाला ०.८८ टक्क्यांपेक्षा जास्त डिस्क जायला नकोत. प्रत्यक्षात २ ते ४ टक्के सर्रास, काही ठिकाणी १३ टक्क्यांपर्यंत. शिवाय एक गेली की दुसरी जाण्याचा संभव नेहमीपेक्षा जास्त. पाठोपाठच्या अनुक्रमांकांचं मला उगाच कौतुक वाटलं होतं.

मात्र एक प्रसिद्ध गणित मला पटलं नाही. साध्या डिस्कच्या डेटाशीटवर लिहिलेलं असतं, एकावर चौदा शून्यं इतके बिट वाचण्यामागे फार तर एक चूक. म्हणजे साडेबारा टीबीला एक. त्यावरून आमच्यासारखं १२ टीबीचं रीबिल्ड फसण्याचा संभव साठ टक्क्यांच्या वर निघतो आणि 'रेड ५ मेलं' असे मथळे निघतात. पण तो आकडा कंपनीने दिलेली वरची मर्यादा आहे, आणि चुका अशा सुट्या सुट्या पडत नाहीत, पुंजक्याने येतात. आमच्या नऊपैकी सात सेक्टर शेजारी शेजारी होते. नंतरच्या दीड वर्षात दर महिन्याला १६ टीबी वाचून काढले, सगळे मिळून २८८. त्या गणिताने तेवीस चुका यायला हव्या होत्या. आली एक. म्हणून माझं मत असं, की रीबिल्ड नशिबाने फसत नाही. साचलेली, न वाचलेली घाण त्या एका रात्री एकदम वर येते म्हणून फसतं.

नवी मांडणी लवकर सांगतो. हिशेबाचा डेटाबेस दोन एसएसडीच्या जोडीवर, आरशासारखा. चार वाजताची कुरकुर त्याच दिवशी संपली. फायलींसाठी रेड ६, पुन्हा चार डिस्क. यात दुहेरी पॅरिटी असते, म्हणजे कुठल्याही दोन गेल्या तरी चालतं, पण जागा निम्मीच मिळते. तेवढ्याच जागेत रेड १०, म्हणजे आरशासारख्या जोड्या एकत्र जोडलेलं, जास्त वेगाने लिहितं. रेड ६ मध्ये एका छोट्या लिहिण्यामागे सहा फेऱ्या, रेड १० मध्ये दोन. पण रेड १० मध्ये एक डिस्क गेल्यावर दुसरी नेमकी तिची जोडीदार निघाली तर खेळ खलास, आणि उरलेल्या तिघींतली ती एक असते. ड्रॉइंग मोठ्या आणि सलग असतात, त्यामुळे सहा फेऱ्यांचा मार आम्हाला बसत नाही. डेटाबेस तिथे ठेवायचा असता तर उलट निवडलं असतं. डिस्क रेडसाठीच्या, दोन वेगवेगळ्या खेपांच्या, आणि घेण्याआधी त्या एसएमआर नाहीत ना हे तपासून. या प्रकारात पट्टे कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात, त्यामुळे रीबिल्ड रखडतं, आणि रेडसाठी म्हणून विकलेल्या काही डिस्क न सांगता तशा होत्या हे २०२० साली उघड झालं. इशाऱ्याचा मेल आता माझ्या फोनवर येतो. तो येतो की नाही हे बघायला मी एक डिस्क मुद्दाम सोडवून बघितली. बॅकअपसाठी मोठी डिस्क घेतली, वगळलेलं फोल्डर त्यात गेलं.

आणि पहिल्या रविवारची ती ओळ पुन्हा चालू केली.

ती जी एक चूक आली म्हणालो, ती गेल्या महिन्यातली. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते त्या स्मार्टच्या तक्त्यात १९७ व्या ओळीत, 'वाचायचे राहिलेले सेक्टर' असतात तिथे, एका डिस्कसमोर शून्याऐवजी ८ दिसायला लागले. त्या रविवारी सकाळी मुद्दाम लॉग उघडून बसलो. सव्वासातच्या सुमाराला एक ओळ सरकली, 'वाचनातली चूक दुरुस्त, ८ सेक्टर'. १९७ ची ओळ परत शून्यावर. मी ती ओळ दोनदा वाचली, चहा पुन्हा गरम केला.

साडेआठला काकांचा फोन. ते ऑफिसात होते, जुने स्कॅन उघडायला वेळ लागत होता.

"आज पहिला रविवार का रे?"

"हो काका. दुपारपर्यंत चालेल."

"बरं बरं, चालू दे धाड," म्हणाले आणि फोन ठेवला.